किंमत उतरते, खर्च उतरत नाही : जुनी ग्रँड टूरर विकत घेण्याचा अभ्यास

हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी भिंत अशी असते, जिच्यावर परीक्षेचं टाइमटेबल आणि एखाद्या महागड्या गाडीचं पोस्टर शेजारी शेजारी चिकटवलेलं असतं. टाइमटेबल दर सेमिस्टरला बदलतं, पोस्टर मात्र चार वर्षं जागचं हलत नाही. पोस्टरवरची गाडी आपल्याला कधी परवडेल का, हा प्रश्न आपण हसण्यावारी नेतो. पण पंधरा-वीस वर्षांनी तीच गाडी सेकंडहँड बाजारात येते आणि तिची किंमत साध्या नव्या गाडीइतकी झालेली असते. मग मात्र हसू येत नाही, हात खिशाकडे जातो. हा लेख त्या क्षणासाठी आहे.

मी याच कॉलेजच्या मेकॅनिकलचा माजी विद्यार्थी. एम.एस्सी.साठी इंग्लंडला गेलो आणि सध्या तिथे मिडलँड्स भागातल्या एका स्वतंत्र गॅरेजमध्ये नोकरी करतो. गिऱ्हाईक जुनी गाडी विकत घ्यायच्या आधी ती तपासून रिपोर्ट देणे, हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्यामुळे इथे जे लिहितोय ते इंग्लंडच्या बाजाराबद्दल आहे. पण त्यामागचं इंजिनिअरिंग कुठेही तेच असतं, म्हणून आपल्या अंकात ते चालेल असं वाटलं.

ग्रँड टूरर म्हणजे नक्की काय?

मूळ इटालियन शब्द ग्रान तुरिस्मो. त्यावरून जी.टी. दोन दारं, पुढे दोघांना ऐसपैस जागा, मागे दोघांना जेमतेम, डिकीत सामान, आणि दिवसभर वेगात चालवली तरी चालवणारा थकत नाही अशी गाडी. स्पोर्ट्स कार वळणांसाठी, लिमोझिन मागे बसणाऱ्यासाठी, आणि ग्रँड टूरर लांबच्या पल्ल्यासाठी. वेग आणि आराम दोन्ही एकाच गाडीत हवं, म्हणून ती वजनदार होते आणि गुंतागुंतीची होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघणार आहे.

अभ्यासासाठी आपण एकच गाडी घेऊ: बेंटली कॉन्टिनेंटल जीटी, पहिली पिढी. १९९८ मध्ये फोक्सवॅगन समूहाने बेंटली आणि तिचा क्रू इथला कारखाना घेतला. त्यानंतर नव्याने आखलेली ही गाडी २००३ मध्ये बाजारात आली. तिची आकृती बेंटलीच्याच १९५२ च्या आर-टाइप कॉन्टिनेंटलची आठवण करून देणारी. आत सहा लिटरचं, दोन टर्बोचं डब्ल्यू-१२ इंजिन: ५५२ अश्वशक्ती, ६५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि तोही १६०० आरपीएमपासून. झेडएफचा सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद, चारही कोपऱ्यांना एअर सस्पेन्शन. टॉप स्पीड ताशी ३१८ किलोमीटर. आणि रिकाम्या गाडीचं वजन २३८५ किलो! म्हणजे आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकच्या अडीचपट तरी.

नवी असताना इंग्लंडमध्ये तिची किंमत साधारण १,१०,००० पौंड होती. आज त्यातल्या सुरुवातीच्या गाड्या वीस हजार पौंडांच्या आसपास, कधी त्याहूनही कमीला दिसतात. म्हणजे मूळ किंमतीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाला.

भाव का पडतो?

पहिलं कारण साधं. नवी गाडी घेणारा श्रीमंत असतो आणि त्याला नवीच हवी असते. दोन-चार वर्षांनी तो पुढचं मॉडेल घेतो. दुसऱ्या मालकाला ती स्वस्त पडते, तिसऱ्याला आणखी स्वस्त. प्रत्येक वेळी घेणाऱ्याचा खिसा आधीच्यापेक्षा लहान असतो.

दुसरं कारण आपल्या विषयातलं आहे. गाडीची किंमत बाजार ठरवतो, पण तिच्या पार्टची किंमत आणि मजुरीचे तास गाडीचं डिझाइन ठरवतं. गाडी वीस वर्षांची झाली म्हणून बारा सिलिंडरचे आठ होत नाहीत. एअर स्ट्रट बदलायला नव्या गाडीवर जितके तास लागतात तितकेच जुन्या गाडीवर लागतात, गंजलेल्या नटबोल्टमुळे उलट जास्तच. एक लाख दहा हजारांच्या गाडीचा मेंटेनन्स असतो, तो गाडी अठरा हजारांची झाली तरी एक लाख दहा हजारांच्या गाडीचाच राहतो. बाजाराला हे माहीत असतं, आणि तो खर्च आधीच वजा करूनच भाव लावलेला असतो. त्यामुळे "एवढी स्वस्त कशी?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "ती स्वस्त नाहीच" असं असतं.

हेच सूत्रात मांडायचं तर:

खरा खर्च = खरेदी किंमत + राहून गेलेली कामं + (वर्षाचा खर्च × वर्षं) − विकताना येणारी किंमत

जाहिरातीत यातलं फक्त पहिलं पद छापलेलं असतं. बाकीची तीन शोधून काढणं म्हणजे गाडीची तपासणी.

अण्णाचा प्रश्न

आमच्याच बॅचचा एक मित्र इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्टवर डिझाइन इंजिनिअर आहे. हॉस्टेलवर सगळे त्याला अण्णा म्हणायचे, इथेही तेच नाव ठेवतो. मेसमध्ये तिसरी चपाती घेताना विचार करणारा मुलगा. चार वर्षांत काटकसरीने त्याने २६,००० पौंड साठवले होते. दुसऱ्या बाजूला त्याचं एज्युकेशन लोन होतं. त्यातले अजून १४,००० पौंडांइतके पैसे फेडायचे बाकी होते आणि त्यासाठी गावचं घर बँकेकडे तारण होतं. आईवडील त्याच घरात राहतात.

अण्णा एका रविवारी म्हणाला, "अरे, दोन कॉन्टिनेंटल बघून ठेवल्यात. एक साडेपंधरा हजारांना, एक अठराला. तू तपासून दे. चांगली निघाली तर घेतो. लोनचे हप्ते चालूच आहेत की."

मी त्याला हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. म्हटलं, आधी मशीन बघू, मग हिशोब मांडू. दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर. मशीन आवडलं की हिशोब आपोआप वाकतो, हे रोज गिऱ्हाइकांत बघतो मी.

पायरी पहिली: घरबसल्या तपासणी

गाडीजवळ जायच्या आधी अर्धं काम कागदावर होतं.

ग्रेट ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची फिटनेस तपासणी करावी लागते. या तपासण्यांचा २००५ पासूनचा इतिहास सरकारच्या वेबसाइटवर फुकट बघता येतो, फक्त गाडीचा नंबर हवा. पास की नापास, कशात नापास, मीटर रीडिंग किती, आणि "पास आहे पण याकडे लक्ष द्या" अशा सूचनाही त्यात असतात. मीटर मागे फिरवलंय का हे त्यातून कळतं. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मालकाचा स्वभाव कळतो. एखादी सूचना एका वर्षी आली आणि पुढच्या वर्षी गायब झाली, तर मालकाने काम केलं. तीच सूचना सलग तीन वर्षं दिसली, तर मालक फक्त पास होण्यापुरता अभ्यास करणारा! असे विद्यार्थी आपल्याला चांगले माहीत आहेत.

दुसरं, गाडीचं रजिस्ट्रेशन पत्र, त्याला व्ही५सी म्हणतात. त्यावरचं नाव गाडी सांभाळणाऱ्याचं असतं, तो मालकीचा पुरावा नव्हे. गाडीवर हप्ते बाकी असतील तर फायनान्स कंपनी हक्क सांगायला येऊ शकते. म्हणून थोडे पैसे भरून फायनान्स, चोरी आणि अपघाताची नोंद तपासून घ्यायची.

तिसरं, तारीख. ब्रिटनमध्ये मार्च २००१ नंतरच्या या गाड्यांचा रोड टॅक्स कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर ठरतो. कॉन्टिनेंटल जीटीचा आकडा किलोमीटरला ४०० ग्रॅमच्या वर आहे, म्हणजे सरळ सर्वांत वरचा गट. पण २३ मार्च २००६ च्या आधी रजिस्टर झालेल्या गाड्यांना त्या वरच्या गटातून सूट आहे. त्यामुळे तीच गाडी, तेच इंजिन, पण फेब्रुवारी २००६ ऐवजी जुलै २००६ मध्ये रजिस्टर झाली म्हणून वर्षाचा टॅक्स जवळजवळ पावणेदोन पट! विकणारा हे आपणहून सांगत नाही.

पायरी दुसरी: गाडीजवळ

१) एअर सस्पेन्शन. इथे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबराच्या बेलोजमध्ये दाबलेली हवा गाडी पेलते. रबर जुनं झालं की त्याला बारीक चिरा पडतात, हवा हळूहळू निघते आणि रात्रीत तो कोपरा खाली बसतो. सकाळी गाडी चालू केली की कॉम्प्रेसर तो उचलतो. म्हणजे गळती स्ट्रटची, पण ओव्हरटाइम कॉम्प्रेसरचा. थोड्या महिन्यांत तोही जातो.

तपासायला फक्त टेप लागते. गाडी सपाट जागी उभी करा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजा. रात्रभर उभी ठेवून सकाळी चालू करण्याआधी पुन्हा मोजा. आता थर्मोचा प्रश्न: चारही कोपरे थोडे खाली आले तर? गाडीचं वजन तेच, म्हणून आतला दाबही साधारण तोच. मग आकारमान केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलणार. संध्याकाळी १५ अंश आणि पहाटे ० अंश म्हणजे २८८ वरून २७३, सुमारे ५ टक्के घट. तेव्हा चारही कोपरे सारखे किंचित बसले तर ती थंडी. एकच कोपरा बसला तर ती गळती.

२) पाणी. विंडस्क्रीनच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायला ड्रेन असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ते पानांनी तुंबतात. मग पाणी साचतं आणि केबिनमध्ये उतरतं. एरवी कार्पेट ओलं झालं एवढंच झालं असतं. पण या गाडीत डझनांनी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट्स एकमेकांशी बोलत असतात, आणि त्यातली काही ओल पोहोचेल अशा जागी आहेत. म्हणून मी आधी वाकून चारही ठिकाणचं कार्पेट हाताने दाबतो. अत्तराचा वास जोरात येत असेल तर दोनदा दाबतो.

३) बॅटऱ्या. हो, अनेकवचन. डिकीत दोन आहेत. एक स्टार्टरसाठी, दुसरी बाकी सगळ्या सोयींसाठी. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत व्होल्टेज पडतं आणि मग स्क्रीनवर भलतेच दोष दिसू लागतात. त्यामुळे स्कॅनर लावण्याआधी दोन्ही बॅटऱ्या मोजायच्या, नाहीतर आजार एक आणि औषध दुसऱ्याच गोष्टीवर.

४) इंजिन. डब्ल्यू-१२ ही कल्पना सुंदर आहे. १५ अंशांच्या अरुंद कोनातले सहा-सहा सिलिंडरचे दोन गट, आणि ते दोन गट एकमेकांशी ७२ अंशांवर. त्यामुळे बारा सिलिंडर असूनही इंजिन लांबीला आखूड होतं. पण आखूड इंजिनाभोवती दोन टर्बो, त्यांचे पाइप, कूलंटचे होज, व्हॅक्यूमच्या नळ्या असं सगळं कोंबलेलं. हॉस्टेलच्या खोलीत चार जणांचं सामान असावं तसं! पाना आत जायलाच जागा नाही. म्हणून बरीच कामं अशी, की पार्ट लहान पण त्याच्यापर्यंत पोहोचायला इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीखाली उतरवावे लागतात. बिलात पार्टची ओळ छोटी आणि मजुरीची ओळ मोठी असते, ती यामुळे.

इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा चालू झालं पाहिजे, ही माझी अट असते. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू होताना टायमिंग चेनचा खडखडाट येतो का, धूर कसला येतो, कूलंटचा गोडसर वास येतो का, हे पहिल्या मिनिटात कळतं. आपण पोहोचण्याआधीच बॉनेट गरम असेल, तर "का गरम केलं?" हा आपला पहिला प्रश्न.

मग स्कॅनर. इथे एक युक्ती सांगतो, ती कुठल्याही आधुनिक पेट्रोल गाडीला लागू पडते. दोष कोड पुसता येतात, पण ते पुसले की उत्सर्जनाच्या स्वचाचण्यांचे रेडीनेस मॉनिटरही कोरे होतात. ते पुन्हा भरायला गाडी काही काळ नीट चालवावी लागते. म्हणून दोष शून्य आणि मॉनिटर अपूर्ण असं दिसलं, तर पाटी नुकतीच पुसलेली आहे असं समजा.

५) गिअरबॉक्स. पुष्कळ मालक सांगतात, याचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. फाइलमध्ये त्याचं बिल आहे का बघा. ट्रायलमध्ये हलक्या पायाने गाडी चालवा. गिअर पडताना धक्का किंवा थरथर आली तर लिहून ठेवा. जोरात पळवून बघण्यापेक्षा हळू चालवून जास्त कळतं.

६) टायर आणि ब्रेक. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो: १४१३ म्हणजे २०१३ सालचा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर दहा वर्षांचा, म्हणजे रबर कडक झालेलं. त्यात ही गाडी चारही चाकांना ताकद देणारी. टायरचा घेर वेगवेगळा असला तर मधल्या टॉर्सन डिफरन्शिअलला सतत काम लागतं, म्हणून टायर एकसारखे हवेत.

ब्रेकचा आकडा तुम्हीच काढा. तिथल्या मोटरवेची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे सेकंदाला ३१.३ मीटर. २३८५ किलोची गतिज ऊर्जा होते सुमारे १.१७ मेगाज्यूल. ९०० किलोच्या गाडीची त्याच वेगाला ०.४४. पुढच्या डिस्क ४०५ मिलिमीटर व्यासाच्या का आहेत, आणि त्यांचा सेट स्वस्त का नसतो, हे कळायला वेगळा लेख नको.

दोन गाड्या, दोन निकाल

पहिली गाडी एका विक्रेत्याकडे होती. जुलै २००६ चं रजिस्ट्रेशन, म्हणजे वरचा टॅक्स. मीटर ४८,००० मैल. रंग आरशासारखा. अण्णा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. मी बॉनेटवर हात ठेवला तर गरम. सर्व्हिस बुकचे शिक्के २०१४ पर्यंत नीट, पुढे मोकळी पानं. एमओटीत पुढच्या सस्पेन्शनच्या बुशची सूचना सलग तीन वर्षं. त्या तीन वर्षांत गाडी वर्षाला तीनशे मैलही चाललेली नव्हती. विक्रेता रात्रभर ठेवू देईना, म्हणून उंची मोजून गाडी बंद केली आणि तीन तास कागद वाचत, चहा पीत बसलो. तेवढ्यात उजवा पुढचा कोपरा १८ मिलिमीटर बसला, बाकीचे तीन दोन-तीन मिलिमीटर. डावीकडचं कार्पेट ओलसर. मॉनिटर अपूर्ण. टायर २०१३ चे. पुढचे दोन स्ट्रट, कॉम्प्रेसर, बुश, टायर, ओलीचा तपास, असं अंदाजपत्रक मांडलं तर बेरीज गाडीच्या किमतीच्या निम्म्याला टेकली.

"पण मीटर कमी आहे ना!" अण्णा म्हणाला. गड्या, यंत्र वापराने झिजतं तसं ते न वापरल्यानेही बिघडतं. सील सुकतात, रबर तडकतं, बॅटरी उतरते. वर्गात आपण झीज शिकतो, उभ्या गाडीचं म्हातारपण कोणी शिकवत नाही.

दुसरी गाडी एका निवृत्त गृहस्थांची. २००४ ची, ८६,००० मैल. सीटच्या चामड्याला सुरकुत्या, बॉनेटवर खड्यांच्या खुणा. पण काकांनी टेबलावर फाइल ठेवली ती आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टहून जाड. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल, दोन्ही बॅटऱ्यांचं बिल, पुढच्या स्ट्रटचं बिल, दरवर्षी ड्रेन साफ केल्याची स्वतःच्या अक्षरातली नोंद. आदल्या संध्याकाळी मोजलेल्या उंची सकाळी चारही ठिकाणी सारख्या. इंजिन बर्फासारखं गार, पहिल्या झटक्यात चालू. काम फक्त टायरचं. माझ्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं: यंत्र म्हणून ही गाडी घेण्यासारखी आहे.

आता दुसरा कागद

अण्णाचा चेहरा फुलला. मग आम्ही हिशोबाचा कागद काढला.

जवळचे पैसे २६,०००. गाडी १८,०००. पहिल्या वर्षाचा विमा, टॅक्स आणि चार टायर मिळून धरले २,५००. उरले ५,५००. पेट्रोल पगारातून. शंभर किलोमीटरला १७ लिटरच्या आसपास, म्हणजे लिटरला सहाचंही ॲव्हरेज नाही.

आमच्या गॅरेजमध्ये मी गिऱ्हाइकांना एक नियम सांगतो: अशा गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. इंजिन खाली उतरवायची वेळ आली तर ती त्यासाठी. इथे ती रक्कम ६,०००. म्हणजे तूट फक्त पाचशे पौंडांची.

"पाचशेच ना? दोन महिन्यांत भरतो," अण्णा म्हणाला.

मी म्हटलं, "भरशील. पण तुझं काम कॉन्ट्रॅक्टवर. मधे चार महिने काम नसलं तर लोनचे हप्ते कशातून देणार?"

"त्या राखीव पैशातून."

"आणि त्याच चार महिन्यांत गिअरबॉक्स गेला तर?"

तो गप्प झाला. राखीव रक्कम एकच होती आणि तिच्यावर दावे दोन. एक गाडीचा, एक गावच्या घराचा. आपण डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो तो एकाच लोडसाठी, तोच फॅक्टर दोन लोडना पुरा पडेल असं धरत नाही. अण्णा डिझाइनचाच माणूस, मला पुढे समजावावं लागलं नाही.

त्याने आठवड्याभरात लोन पूर्ण फेडलं. घराची कागदपत्रं बँकेतून सुटली. वडिलांनी फोनवर फक्त "बरं झालं" एवढंच म्हटलं म्हणे. हातात १२,००० उरले. काकांची गाडी पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका निवृत्त माणसाने घेतली, ज्याच्या घरी गॅरेज आहे आणि वेळही. गाडी चांगल्या घरी पडली. अण्णाला वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. पण आता दर महिन्याला तो हप्त्याएवढी रक्कम वेगळी टाकतो आहे, आणि पुढची गाडी बघायला जाताना टेप मी नेणार आहे.

भारतात आणता येईल का?

हा प्रश्न मला सुट्टीत घरी आलो की हमखास विचारतात. "तिकडे वीस हजार पौंडांना मिळते, मग घेऊन ये की!" उत्तर: नाही. आपल्या आयात नियमांप्रमाणे वापरलेली गाडी तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते. त्यावर जबर कस्टम ड्युटी. म्हणजे स्वस्त झालेली गाडी आणता येत नाही आणि आणता येते ती स्वस्त झालेली नसते.

पण इथल्या इथे विकल्या जाणाऱ्या जुन्या आलिशान गाड्यांना वरच्या सगळ्या पायऱ्या लागू आहेत. आरसी बुकवर हायपोथिकेशनची नोंद आहे का, असल्यास बँकेचं ना-हरकत पत्र आहे का, ते आधी बघा. आपल्या पावसाळ्यात कार्पेट दाबून बघणं तर इंग्लंडपेक्षा जास्त गरजेचं.

शेवटी, वहीत उतरवून घ्यायची कलमं

१. भाव बघून गाडी निवडू नका, फाइल बघून निवडा.
२. तपासणी थंड इंजिनावरच.
३. उंची रात्री मोजा, सकाळी मोजा.
४. कार्पेट दाबा, बॅटरी मोजा, मग स्कॅनर लावा.
५. कमी मीटर म्हणजे चांगली गाडी असं नाही. नियमित चाललेली गाडी बरी.
६. किमतीच्या एक तृतीयांश रक्कम राखीव, आणि ती फक्त गाडीसाठी.
७. यंत्राचा कागद वेगळा, पैशाचा कागद वेगळा. दोन्हींवर "हो" आलं तरच टोकन द्या.

हॉस्टेलमधल्या पोरांसाठी एक प्रॅक्टिकल. पार्किंगमध्ये थर्डहँड बाईक भरपूर आहेत. एकीचं सूत्र भरून बघा: घेतली कितीला, घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत घातले किती, वर्षाचा खर्च किती, आज विकली तर येतील किती. स्टाफपैकी कोणाकडे जुनी कार असेल तर त्यांनीही करावं. चारही आकडे खरे लिहिलेत, तर ग्रँड टूररचा निम्मा धडा तुमचा शिकून झाला. उरलेला निम्मा टेप घेऊन गाडीजवळ गेल्यावर.